आतून स्वच्छ

३ मार्च, सोमवार

गोटी माहेरी आली. 'दोन दिवसांसाठी आलेय' म्हणाली. बॅग उचलली तर आठ दिवसांचे कपडे. पंचवीस वर्षं मी रुग्णालयात ऑपरेशनच्या सामानाचे ट्रे भरतेय, कुठल्या ट्रेत काय कमी आहे ते झाकण न उघडता सांगते. मला दोन दिवस आणि आठ दिवस यातला फरक कळत नाही होय?

लग्नाला आठ महिने झालेत. जावईबापू लिफ्ट दुरुस्त करतात. माणूस कमी बोलतो, हाताला नेहमी ग्रीस. ह्यांना विचारलं, 'अहो, काहीतरी बिनसलंय, नाही?' हे म्हणाले, 'जेवू दे तिला आधी.' जन्मभर रोपवाटिकेत काम केलं की माणूस रोपांसारखाच गप्प होतो.

५ मार्च, बुधवार

निघालं एकदाचं बाहेर. भांडण नाही, तंटा नाही. तिकडचं दुखणं आहे.

खाज, जळजळ, पाणी जातं आणि वास. हे सगळं ती नळ सोडून बोलली, म्हणजे ह्यांना ऐकू जाऊ नये. नवऱ्यापासून लांब राहते म्हणे दोन महिने. त्याने कारण विचारलं, ही सांगेना. तो म्हणाला, 'माझं काही चुकलं का?' ही रडली आणि बॅग भरून इकडे.

मी पहिला प्रश्न केला, 'धुतेस ना नीट?' धुते म्हणाली. 'आतून?' हो म्हणाली. 'दिवसातून किती वेळा?' एकदा. तिथेच तर घोडं पेंड खातंय. म्हटलं, आजपासून दोनदा.

सासरी जाताना मी तिला एक पेटी दिली होती. दागिन्यांची पेटी कोणीही देतं. माझ्या पेटीत रबरी पिचकारी, जंतुनाशकाची बाटली, मोजायचा कप, आणि किती पाण्यात किती थेंब त्याचं माझ्या अक्षरातलं कार्ड. मी स्वतः पहिल्या बाळंतपणापासून, म्हणजे चोवीस वर्षं, रोज सकाळी हे करते. आजीने किंवा आईने नव्हे, माझ्या खात्याने मला हे शिकवलं. आमच्या निर्जंतुकीकरण विभागात एक नियम आहे: जे आत जातं किंवा जिथे आत जातं, ते जंतुविरहित हवं.

थोडी खाज आणि जळजळ मलाही आहेच. चोवीस वर्षं आहे. ते आमच्या अंगातच आहे, त्याला इलाज नाही. म्हणून तर मी धुते.

६ मार्च, गुरुवार

दुपारी बायकांच्या ओपीडीत निर्जंतुक ट्रे पोचवायला गेले. एरवी मी विभागातल्या मावशीला पाठवते. आज स्वतः गेले, कारण तिथल्या टेबलावर माहितीपत्रकं असतात. एक पदराखाली सरकवलं. पंचवीस वर्षांची नोकरी आणि फुकटचा कागद चोरताना इकडेतिकडे बघून घेतलं.

त्यात 'संसर्गाचा धोका वाढवणाऱ्या गोष्टी' अशी यादी आहे. अँटिबायोटिक्स, मधुमेह, घट्ट आणि घाम न शोषणारे कपडे, सुवासिक साबण. पाचव्या ओळीवर डोळे खिळले: नवीन जोडीदार.

बघा. गोटीच्या आयुष्यात नवीन काय आहे? कपडे तेच, साबण तोच, साखर कोणालाच नाही. नवीन एकच, तो लिफ्टवाला. आणि त्याच्या आयुष्यात गोटीखेरीज आणखी कोण नवीन आहे, ते त्यालाच ठाऊक.

सहाव्या ओळीत लिहिलंय, 'योनिमार्ग आतून धुणे'. कोणी उंटावरच्या शहाण्याने लिहिलं असेल. धुतल्याने जंतू होतात म्हणे, मग आमचा विभाग बंदच करा. चार वाजता पुन्हा गेले आणि टेबलावरच्या गठ्ठ्यातून ती ओळ निळ्या पेनने खोडली. चाळीस प्रती. बायका वाचतात आणि खरं मानतात, आपली काही जबाबदारी आहे की नाही?

८ मार्च, शनिवार

विहीणबाईंना फोन केला. आडून आडून बोलायचं ठरवलं होतं, पण माझा तो स्वभाव नाही. म्हटलं, 'मुलीला संसर्ग झालाय आणि तो काही आकाशातून पडलेला नाही. तुमच्या मुलाची तपासणी करून घ्या.'

 बाई म्हणाल्या, 'तुम्ही रुग्णालयात आहात, तुम्हाला जास्त कळत असेल.' आवाज ओला होता. चोराच्या मनात चांदणं.

गोटीला सांगितलं. ती म्हणाली, 'आई, तू त्यांच्या आईला कशाला सांगितलंस?' म्हटलं, 'तुला असा कोणाचा रोग घेऊन जन्म काढायचाय?' तिने मान खाली घातली. काहीतरी म्हणणार होती असं वाटलं, पण गेली आंघोळीला. सकाळची झाली होती. दुसरी असेल. शिस्तीची पोर आहे.

१० मार्च, सोमवार

जावईबापू स्वतः आले. चप्पल दाराबाहेर नीट जोडीने ठेवली. बसा म्हटलं तर बसले नाहीत. म्हणाले, 'आई, मी तपासणी करून घेतो. सगळ्या करतो, तुम्ही सांगाल त्या.' मी यादी तयारच ठेवली होती, दिली. त्यांनी घडी करून खिशात ठेवली.

मग गोटीकडे बघून म्हणाले, 'माझी बदली झालीय. तीस तारखेला निघायचंय, तिकडे एका मोठ्या इमारतीचं काम आहे, दोन वर्षांचं. मी तुझंही तिकीट काढतोय.' गोटी माझ्याकडे बघत होती. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. 'तुझा माझ्यावर विश्वास नसेल तर तसं सांग. ओढून नेणार नाही.'

 ते गेल्यावर मी म्हटलं, 'बघितलंस, नजर वर नव्हती.' हे वर्तमानपत्रामागून म्हणाले, 'त्याची नजर तिच्या पायांकडे होती. ओल्या फरशीवर अनवाणी उभी होती ती.' ह्यांना नको तिथे बारकाई.

१२ मार्च, बुधवार

शेवटी डॉक्टरकडे नेलं. आमच्या रुग्णालयात नाही, तिथे भिंतींनाही कान आणि कानांना तोंडं आहेत. बसने दीड तास लांब. डॉक्टर म्हणजे कालची पोर, केसांना रबरबँड. मला काकू म्हणाली. तिथेच माझं तिच्याबद्दलचं मत झालं.

तपासलं, नमुना घेतला, शेजारच्या खोलीत काचपट्टीवर बघून आली. म्हणाली, 'नवऱ्याकडून येणाऱ्या आजारांच्या चाचण्या करतेच, पण मला तसं काही दिसत नाही. आतल्या जिवाणूंचा तोल बिघडलाय. धुता कशाने?'

गोटीने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, कप, थेंब, पाण्याचं तापमान. ताठ मानेने सांगितलं. असं व्यवस्थित उत्तर तिला जन्मात कोणी दिलं नसेल.

तिने पेन खाली ठेवलं. 'काकू, ती जागा स्वतःच स्वतःला स्वच्छ ठेवते. आत चांगले जिवाणू राहतात, ते पहारा देतात. तुम्ही रोज पहारेकरी मारताय, मग घर लुटलं तर नवल काय? बाहेरून साध्या पाण्याने धुवा, बस. आत काही नको.' गोळ्या लिहून दिल्या आणि माझ्याकडे बघून विचारलं, 'तुम्हीही हेच करता का?'

म्हटलं, 'पेशंट ही आहे.'

बाहेर आल्यावर गोटीला सांगितलं, गोळ्या घे, पण धुणं सोडू नकोस. चांगले जिवाणू म्हणे. पंचवीस वर्षांत माझ्यासमोर एकाही जंतूने चांगलं वागून दाखवलेलं नाही.

१३ मार्च, गुरुवार

त्या पोरीला पुराव्याने गप्प करायचं ठरवलं. आमच्याकडे निर्जंतुकीकरणाचं यंत्र तपासायला रोज जिवंत बीजाणूंच्या दोन कुप्या घेतात. एक यंत्रात घालतात, दुसरी मुद्दाम बाहेर ठेवतात. बाहेरचीत जंतू वाढले, ती पिवळी झाली, तरच आतली जांभळी राहिली, म्हणजे जंतू मेले, याला अर्थ. बाहेरची नसेल तर सगळी तपासणी फुकट.

तर बाहेरची कुपी मी. आजपासून पंधरा दिवस पिचकारी बंद. रोज तक्ता भरायचा: खाज, जळजळ, स्राव, वास, दहापैकी गुण. पंधरा दिवसांत मी सडून निघेन, मग तो तक्ता नेऊन तिच्या टेबलावर ठेवीन. मुलीच्या संसारासाठी आई एवढं करू शकते.

पहिला दिवस. खाज सहा, जळजळ पाच, वास चार. मनाला घाण वाटते ती वेगळी, तिला रकाना नाही.

१६ मार्च, रविवार

जावईबापूंनी पाकीट पाठवलं. स्वतः आले नाहीत. सगळे अहवाल. सगळं स्वच्छ. सोबत चिठ्ठी नाही. विहीणबाईंकडून कळलं की तपासणीच्या रांगेत त्यांच्या कंपनीचा साहेब भेटला आणि त्याने मोठ्याने विचारलं, 'तू इथे कसा?'

गोटीने अहवाल दोनदा वाचले आणि तोंड फिरवून झोपून राहिली. मी म्हटलं, 'अहवाल चुकतातही.' तेव्हा हे प्रथमच जरा चढ्या आवाजात बोलले. 'कुंडीतली माती तू उकळून दिलीस तर माझं रोप जगत नाही. माहितीय तुला?'

'माझी मुलगी म्हणजे कुंडी नाही,' मी म्हटलं.

'तेच म्हणतोय,' हे म्हणाले, 'ट्रेसुद्धा नाही.'

चौथा दिवस. खाज पाच, जळजळ तीन. पेन नीट चालत नसेल.

२० मार्च, गुरुवार

आठवा दिवस. खाज दोन, जळजळ शून्य, वास एक.

तक्ता पुन्हा तपासला. गुण उलटे तर लावत नाही ना? नाही. कामावर आज यंत्रासमोर तीन तास सलग उभी होते आणि मधे एकदाही कोपऱ्यात जाऊन साडी चाचपावी लागली नाही. मावशीच्या लक्षात आलं. 'सिस्टर, आज लई शांत आहात.' म्हटलं, कामाकडे बघ.

गोटीची जळजळ वाढलीय. गोळ्या संपल्या. दोनदाचं तीनदा करतेय, मी सांगितलेलं नसताना.

२४ मार्च, सोमवार

बारावा दिवस. शून्य, शून्य, शून्य. चौथा रकानाही शून्य.

सुंठीवाचून खोकला गेला असं म्हणायची सोय नाही. सुंठीनेच खोकला येत होता. चोवीस वर्षं.

संध्याकाळी ह्यांना तक्ता दाखवला. काय आहे ते समजावलं. ह्यांनी चष्मा लावून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग विचारलं, 'म्हणजे मी शेजारच्या खोलीत झोपायला लागलो, ते…?'

मी सगळ्यांना सांगत आलेय की हे घोरतात म्हणून. खरं कारण मीच दिलं होतं, आठ वर्षांपूर्वी. 'मला त्रास होतो, तुम्ही तिकडे झोपा,' म्हटलं होतं. ते उशी घेऊन गेले, विचारलंसुद्धा नाही काही.

ह्यांनी तक्त्याची घडी केली, माझ्या हातात दिली आणि गच्चीवर पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच पाणी घातलेलं होतं.

२५ मार्च, मंगळवार

आज मी भित्र्यासारखं वागले, तेही लिहून ठेवते. गोटीला सरळ सांगायचं सोडून तिची पेटी कपाटावर लपवली. म्हटलं, पिचकारीचं रबर खराब झालं होतं, फेकली, नवी मागवलीय, येईल चार-पाच दिवसांत. तेवढ्यात बरी होईल, आणि मला काही बोलावं लागणार नाही.

ती इतकी घाबरली. 'चार दिवस? आई, चार दिवस कसं होईल?' मी म्हटलं, होईल गं. अर्ध्या तासात चपला घालून बाहेर गेली. औषधांच्या तीन दुकानांत फिरून नवी पिचकारी घेऊन आली. केस विस्कटलेले, दम लागलेला. मला दाखवून म्हणाली, 'मिळाली.'

कोणाला हरवलेलं मूल सापडावं तसं ती म्हणाली. 

२७ मार्च, गुरुवार

एकटीच गेले दीड तास लांब. तक्ता टेबलावर ठेवला खरा, पण ठरवलं होतं तसा नाही. डॉक्टरीणबाईंनी वाचला आणि हसल्या नाहीत. मला तपासलं. आत बघायचं ते हत्यार मी आयुष्यात हजारो वेळा उकळलंय, गुंडाळलंय, पाठवलंय. टेबलाच्या या बाजूने आज पहिल्यांदा बघितलं. गार असतं. कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणाल्या, 'छान भरून येतंय. आतलं परत वसतंय.' मग, 'मुलीला सांगितलं?'

नाही म्हटलं.

'तुमच्यासारख्या खूप येतात,' त्या म्हणाल्या. 'जेवढी बाई स्वच्छतेची, तेवढं जास्त धुते. जेवढं बिघडतं तेवढी आणखी धुते.' मी त्यांना चाळीस पत्रकांचं सांगितलं. तेव्हा मात्र त्या हसल्या, आणि स्वतःकडचा गठ्ठा मला दिला. परत येताना तो आमच्या ओपीडीत ठेवला, माझी चाळीस उचलायला घेतली. बत्तीसच सापडली. आठ बायका घेऊन गेल्यात.

२८ मार्च, शुक्रवार

आधी जावयाकडे गेले. ते सोपं वाटलं म्हणून.

ते एका सहा मजली इमारतीत कामावर होते. तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं, आत खड्ड्यात दिवा. मी वाकून म्हटलं, 'अहो, मी आलेय.' खालून आवाज आला, 'लिफ्ट बंद आहे, जिन्याने जा.'

'मी, गोटीची आई.'

ठोकणं थांबलं. पण ते वर आले नाहीत. कशात तरी हात अडकलेला होता. म्हणाले, 'आई, सोडता येत नाही, दोरखंड धरलाय. बोला तिथूनच.'

मी हळू आवाजात सांगितलं. 'ऐकू येत नाही, मोठ्याने बोला.' तोवर भाजीच्या पिशव्या घेतलेल्या दोन बायका आणि काठी टेकत एक आजोबा येऊन उभे राहिले होते, लिफ्ट कधी सुरू होणार म्हणून. आयुष्यभर ज्या गोष्टीला 'तिकडचं' म्हणत आले ती मी त्या खड्ड्यात तोंड घालून मोठ्याने सांगितली. संसर्ग तुमच्यामुळे नव्हता. माझ्या धुण्यामुळे. मीच शिकवलं. तुमच्या आईंना मी वाटेल ते बोलले, तुम्हाला रांगेत उभं केलं. माझं चुकलं.

एक बाई दुसरीला म्हणाली, 'आतून धुवायचं नसतं?' मी म्हटलं, 'नसतं.' ती म्हणाली, 'अगंबाई.'

 मग ते खालून म्हणाले, 'मला सांगून काय उपयोग, आई? मी काही केलं नाही हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तिला सांगा.' पुन्हा ठोकणं सुरू झालं. मी निघाले तेव्हा म्हणाले, 'दोन तिकिटं आहेत. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, मग एक परत करता येणार नाही.'

२९ मार्च, शनिवार

सकाळी हे मुद्दाम बाहेर गेले. गोटी न्हाणीघराच्या दारात होती, हातात नवी पिचकारी. मी ती काढून घेतली आणि तिला पलंगावर बसवलं. तक्ता दिला. सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा ती नुसती तक्त्याकडे बघत होती.

वाटलं होतं चिडेल. चिडावं अशी माझी इच्छा होती. म्हटलं, 'बिचाऱ्याची काही चूक नव्हती गं. आठ महिन्यांच्या संसारात मी…'

'आठ महिने नाही,' ती म्हणाली. 'लग्नाआधीपासून होतं.'

'कधीपासून?'

'नववीत होते.'

मी गणित केलं. नऊ वर्षं. नववीत मीच तिला न्हाणीघरात उभं करून पहिल्यांदा शिकवलं होतं.

'मला का नाही सांगितलंस?'

'तू म्हणाली होतीस, हे घाणेरड्या मुलींना होतं.'

मी असं म्हणाले असेन? आठवत नाही. दिवसभरात मी किती बोलते, त्यातलं एखादं वाक्य असेल. मी ते विसरले आणि तिने नऊ वर्षं जपलं.

'मग तुला तर माहीत होतं,' मी म्हटलं. 'त्याच्यामुळे नाही, हे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्याच्या आईला फोन केला, त्याला रांगेत उभं केलं. तू एक शब्द बोलली नाहीस.'

ती बराच वेळ चादरीची किनार दुमडत राहिली. 'तुला तो घाणेरडा वाटला तर मला चालत होतं, आई,' ती म्हणाली. 'मी वाटले असते तर नसतं चाललं.'

मग फोन घेऊन ती स्वयंपाकघरात गेली आणि दार लावून घेतलं. पाऊण तास. मी बाहेर बसून एक अक्षर ऐकायचा प्रयत्न केला नाही, हे माझ्या स्वभावात बसत नाही तरी. मधे एकदा ती रडली, मग त्याचं ऐकत असावी. बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले. म्हणाली, 'उद्या आठला येताहेत. तिकीट परत केलं नव्हतं. त्यांना सगळं सांगितलं, नववीपासूनचं.'

'काय म्हणाले?'

'म्हणाले, एवढंच होतं तर आधी का नाही सांगितलंस, मी घाबरलो होतो तुला मी आवडत नाही म्हणून.'

मी उठले आणि तिला जवळ घ्यायला गेले. कितीतरी दिवसांत घेतलं नव्हतं. ती एकदम मागे सरली, दोन्ही हात पुढे धरून.

'थांब,' म्हणाली, 'अजून आंघोळ नाही केलेली.'

मी थांबले नाही. धरूनच ठेवलं.